कोज्या, कोटिज्या की कॉस?

प्रश्न मुलुंडच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या मुलीच्या वर्गात हिंदी माध्यमातून आलेली एक मुलगी त्रिकोणमितीतल्या कॉसला 'कोज्या' म्हणते. हा 'को' इंग्रजी कोसाइनमधून उचललाय का, मराठीत काय म्हणायचं, आणि मुळात त्याचा अर्थ काय?

उचललेला नाही. 'कोज्या' हे 'कोटिज्या'चं आखूड रूप. मी मराठीत पूर्ण शब्दच लिहीन, कारण आपल्या मुलांना तो अर्धा आधीच येत असतो. ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश, त्यांना शाळेच्या भूमितीत कोटिकोन म्हणतात. कोनाच्या कोटिकोनाची जी ज्या (म्हणजे साइन), ती त्या कोनाची कोटिज्या. ६० अंशांची कोटिज्या म्हणजे ३० अंशांची ज्या, अर्धा. व्याख्या शब्दातच बसली आहे.

आता ज्या. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, त्याची टोकं जोडणारी ही दोरी. भूमितीत आपण तिलाच 'जीवा' म्हणतो. आर्यभटाने (इ. स. ४९९) पाव वर्तुळाचे २४ भाग करून सारणी दिली ती अर्ध्या दोरीची. 'अर्धज्या'तलं 'अर्ध' पुढे बोलता बोलता गळालं. त्रिज्या याच घरातली : तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या. ती मोजली तर बरोबर मध्यापासून परिघापर्यंतचं अंतर भरते. आणि कोटी म्हणजे धनुष्याचं टोक; काटकोन त्रिकोणात भुज, कोटी, कर्ण यांतली एक बाजूही.

इंग्रजीतला 'को' लॅटिनचा. तिकडेही 'कोटिकोनाची ज्या' अशा अर्थाचं लांबलचक नाव होतं. १६२० साली एडमंड गंटर या इंग्रज गणितीने ते 'को-सायनस' असं आखडलं. विचार एकच, पण 'को' जुळला तो निव्वळ योगायोगाने. 'सायनस'ची गंमत वेगळीच. आपली जीवा अरबीत 'जीबा' झाली, तिथे स्वर लिहीत नसल्याने पुढे ती 'जैब' वाचली गेली, म्हणजे कपड्याची खोळ, आणि बाराव्या शतकात भाषांतरकारांनी त्या खोळीचं लॅटिन केलं, 'सायनस'. हिंदीतली जेब तीच. धनुष्याच्या दोरीचा असा खिसा झाला!

तरीही वर्गात 'ज्या' चालवणं कठीण. "ज्या कोनाची ज्या दिली आहे, त्या कोनाची..." असं एकदा फळ्यावर लिहून बघा. कोटीचंही तेच, मुंबईत हा शब्द ऐकला की आधी फ्लॅटचा भाव आठवतो. म्हणून बोलताना सगळे 'कॉस थीटा' म्हणतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

अर्थ सोपा आहे : लगतची बाजू भागिले कर्ण. ५ मीटरची शिडी जमिनीशी ६० अंशांचा कोन करून भिंतीला लावली, तर तिचा पाय भिंतीपासून अडीच मीटरवर येतो. तिरकी लांबी आडवी किती भरते, ते कोटिज्या सांगते. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुंबई १९ अंश अक्षांशावर, त्याची कोटिज्या ०.९४६, म्हणून इथे तोच अंश १०५ किलोमीटरांचा.

पण हा शब्द मी सगळ्यात सराईतपणे ऐकला तो आमच्या सोसायटीच्या पंपघरात. वायरमन मोटरीच्या पाटीवरची धूळ अंगठ्याने पुसत म्हणाला, "काका, कपॅसिटर गेलाय, कॉसफाय पडलाय." एकच शब्द, मध्ये श्वासही नाही. विजेचा दाब आणि प्रवाह यांच्या लहरी मागेपुढे पडतात, त्या अंतराचा कोन म्हणजे फाय. एका फेजच्या मोटरीत व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराला फायच्या कोटिज्येने गुणलं की खरी शक्ती मिळते. त्रिकोण, कर्ण यांचं त्या बिचाऱ्याला काही घेणंदेणं नव्हतं. कॉसफाय म्हणजे पाटीवरचा ०.८५.

लिहिताना एवढं सांभाळा : एकटी असताना 'कोटी' दीर्घ, समासात 'कोटिज्या' ऱ्हस्व, जसं कवी पण कविराज. आणि कोटिज्या 'काढली', कॉस मात्र 'काढला'.