कोलांट्या मारणारा कोळी

प्रश्न : वाळवंटात कोलांट्या मारत पळणारा कोळी खरंच असतो का? कुठे?

उत्तर : असतो, आणि माझा फार लाडका आहे! सेब्रेनस रेकेनबर्गी हा आग्नेय मोरोक्कोतल्या एर्ग शेबीच्या वाळूच्या टेकड्यांवर राहतो. कोळ्यांचे अभ्यासक पीटर येगर यांनी २०१४ मध्ये नवी जाती म्हणून त्याची नोंद केली. दिवसभर तो वाळूतल्या रेशमी अस्तराच्या नळीत बसतो आणि रात्री बाहेर पडतो. कुणी अंगावर आलं की आधी धावतो. तेवढ्यानं भागलं नाही तर पाय टेकवून अख्खं शरीर हवेत उलटवतो, पुन्हा पुन्हा! वेग दुप्पट होतो, सेकंदाला सुमारे २ मीटर. आफ्रिकेतल्याच नामिब वाळवंटातल्या घरंगळणाऱ्या कोळ्याला उतार लागतो. हा चढावरही कोलांट्या घेतो. यात त्याची प्रचंड शक्ती खर्च होते, म्हणून गंमत पाहायला कुणी त्याला डिवचू नये.