रिपोर्ट नॉर्मल आहेत तर मग दुखतं कुठून?

हा प्रश्न माझ्याकडे पेशंटपेक्षा नवरे जास्त विचारतात. सिडकोतल्या एका ताईंचं सांगते, नाव आणि बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, आपण सुनीताताई म्हणू. वय त्रेचाळीस, दोन सिझर, नंतर पिशवी काढली, आणि त्यानंतर काही महिन्यांनी उजवीकडे खाली ओढ लागल्यासारखं दुखायला लागलं. दोरीवर चादर टाकायला हात वर केला की कळ, रिक्षा खड्ड्यात आदळली की कळ. सोनोग्राफी झाली, सीटी झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आत चिकटलेलं असू शकतं, अॅडहेजन्स, आणि जोडीला एकदा समुपदेशकाला भेटा म्हणाले. तिथेच सगळं बिनसलं, कारण खुर्चीत बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे मला वेड लागलंय असं वाटतं का त्यांना?"

मी आधी हेच स्पष्ट केलं की दुखणं खरं आहे. पोटाच्या ऑपरेशननंतर आतून जखम भरताना बहुतेकांच्या आत थोडेफार पट्टे तयार होतातच, एरवी एकमेकांवरून सहज सरकणारी आतडी, ओटीपोटातला आजूबाजूचा भाग, हे त्या पट्ट्यांनी कुठेतरी धरले जातात. ताई घरी ब्लाउज शिवतात, म्हणून म्हटलं एखादा टाका ओढला गेला की कापडाला कशा चुण्या पडतात तसं समजा. हे पट्टे इतके पातळ असतात की सोनोग्राफीत, सीटीत बहुतेक वेळा दिसतच नाहीत, दुर्बीण घातली तरच नक्की कळतं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ नाटक असा होत नाही, हे मिस्टरांना समोर बसवूनच सांगितलं. ते अंबड एमआयडीसीत शिफ्टला, नाईट करून तसेच आले होते बिचारे, ऐकता ऐकता एवढंच म्हणाले, "मला वाटलं कामाचा कंटाळा."

पण उलटही खरं आहे हां. पट्टे असूनही बहुतेकांना काहीच त्रास नसतो, त्यामुळे प्रत्येक दुखणं त्यांच्याच माथी मारू नये. मूत्राशय, बद्धकोष्ठता, पोटाच्या भिंतीतले स्नायू आणि नस, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), हे सगळं डॉक्टरांनी बघायलाच हवं आणि ते मी परत बघायला लावलं.

ताईंनी मनात ठरवूनच टाकलं होतं, पाटल्या मोडायच्या आणि परत दुर्बिणीचं ऑपरेशन करून सगळं सोडवून घ्यायचं. आता सोडवलेलं पुन्हा चिकटू शकतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये जुनाट पोटदुखीच्या १०० पेशंटवर अभ्यास झाला, निम्म्यांचे पट्टे सोडवले, निम्म्यांचं नुसतं दुर्बिणीने बघून बंद केलं, तर वर्षभराने दोन्हीकडे बरं वाटलं आणि फरक काही निघाला नाही. ऑपरेशन कधीच करू नका असं मी म्हणत नाही, तो निर्णय सर्जनचा, पण नुसतं थकून, वैतागून तो घेऊ नये एवढंच माझं म्हणणं. आणि शेजारची कोणी बेंबी सरकली म्हणून पोट दाबून द्यायला येते ना, तिला आधी थांबवा. ताईंनी दोनदा दाबून घेतलं होतं आणि पुढचे दिवस आडव्या पडून होत्या.

माझं खरं काम भीतीवर होतं. आतड्याला पीळ पडेल या धास्तीने त्या पोळी सोडून मऊ भातावर आल्या होत्या, चालणं बंद, उठताना हात कायम पोटावर. पोट असं सतत आवळून धरलं की स्नायूच दुखायला लागतात, मग भीती अजून वाढते, मग अजून आवळतं. म्हणून डायरी ठेवायला लावली, त्यात दिसलं की सलग मशीनवर बसलं आणि त्या दिवशी पोट साफ नसलं की दुखणं ठरलेलंच. मग मध्ये मध्ये उठायचं, फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे आणि हलके ताणाचे व्यायाम, संध्याकाळी गल्लीतच चालणं, दुखायच्या आधी थांबायचं. सिलेंडर सरकवणं आणि ओल्या चादरी मिस्टरांकडे, ते ते करतात, कुरकुरत का होईना.

फ्रिजवर एक कागद मात्र चिकटवायला लावला, ठळक अक्षरात. पोट फुगून कडक झालं, कळा येऊन येऊन जातायत, उलट्या थांबत नाहीत, गॅस आणि शौच दोन्ही बंद, तर मला फोन नाही, डायरी नाही, सरळ हॉस्पिटल, रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. आतड्याचा मार्ग अडला असेल तर थांबून चालत नाही. गंमत म्हणजे त्या कागदाने त्यांची भीती कमी झाली, कारण कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे आता ठरलेलं आहे.

दुखणं गेलेलं नाही. पण पोळी खातात, ऑर्डरी परत घ्यायला लागल्यात. परवा निघताना दारात थांबून हळूच म्हणाल्या की संबंधाच्या वेळीही दुखतं, ते यांना अजून सांगितलेलं नाही. बऱ्याच बायका हे दारातच सांगतात. त्यांना म्हटलं हे डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगा, आणि मिस्टरांची सेकंड शिफ्ट नसेल असा दिवस बघून पुढच्या वेळी दोघंही या.