सभेतला पहिला तास

पोरी,
अनेक आशीर्वाद.

धडगावच्या डोंगरात शाळा मिळाली, शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं काढायची, आणि शिक्षक संघटनेची वर्गणी भरू का असं विचारतेस. भर. पण पावती घेऊन घरी बसू नकोस.

बदल्या, पगार, जुनी पेन्शन म्हणजे संघटना, असंच ऐकलं असशील. ती लढाई हवीच. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावू नयेत, असं शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं. ते दाखवायला चार जण सोबत लागतात.

मी मात्र संघटनेतच शिकवायला शिकलो. माझी पहिली शाळाही सातपुड्यातच. मी अहिराणीत वाढलेला, पोरं पावरी बोलणारी, पुस्तक प्रमाण मराठीत. दिवाळीपर्यंत पहिलीचा वर्ग गप्प होता. प्रशिक्षणात साहेबांपुढे मी ‘सगळं ठीक’ म्हणालो. माझा गोपनीय अहवाल त्यांच्याच हातात. तळोद्याला संघटनेच्या सभेत चहा पिताना एका जुन्या गुरुजींना खरं सांगितलं. त्यांनी पिशवीतून वही काढली. डावीकडे पावरी शब्द, उजवीकडे मराठी. तिथंच सतरंजीवर बसून मी चाळीस शब्द उतरवून घेतले. सोमवारी त्यातले पाच बोललो, तेही चुकत. पोरं हसली आणि मला उच्चार शिकवू लागली. वर्गाला तोंड फुटलं ते त्या दिवशी.

म्हणून तालुका शाखेकडे सभेतला पहिला तास शिकवण्यावर बोलायला मागून घे. बदल्यांचा विषय निघाला की मग कुणाचंच लक्ष राहत नाही. भाषण नको, एका पोराची वही ने. ५२ वजा २८ बरोबर ३६ लिहिणारं पोर तुझ्या वर्गात असेलच. ते हातचा विसरत नाही, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतं. काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायचा की आणखी काही, यावर दहा शिक्षकांना भांडू दे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. असे तासही त्यात धरावेत, ही मागणी निवेदनात लिहायला लाव.

आणि सभा दुपारी लवकर ठेवायला सांग. शेवटच्या एसटीसाठी बाया अर्ध्यातून उठतात, आणि पहिली-दुसरीचे वर्ग बहुतेक त्यांच्याचकडे असतात.

तुझा,
गुरुजी