'बेशुद्ध पक्षपात' की 'नेणिवेतला पूर्वग्रह'?

महापेमधल्या एका कंपनीच्या एचआर विभागातल्या ताईंचा प्रश्न आहे: "'अनकॉन्शस बायस ट्रेनिंग'च्या स्लाइड मराठीत करायच्या आहेत. ॲपने 'बेशुद्ध पक्षपात प्रशिक्षण' असं भाषांतर दिलं. रबाळ्याच्या प्लांटमधली मंडळी हसतील. योग्य शब्द कोणता?"

हसतीलच. बेशुद्ध माणसाच्या तोंडावर पाणी मारतात, त्याला ट्रेनिंगला बसवत नाहीत.

हे ट्रेनिंग म्हणजे आपल्याही लक्षात न येता मनात बसलेला कल ओळखायला शिकवणारं सत्र. 'अनकॉन्शस'साठी पुस्तकांत अबोध, अचेतन, सुप्त असे शब्द सापडतात. 'अचेतन' म्हटलं की मला दगड-धोंडे आठवतात. माझं मत 'नेणीव'ला. 'नेणणे' म्हणजे न जाणणे. संतांच्या वाणीत हे क्रियापद पावलोपावली भेटतं आणि जाणीव-नेणीव ही जोडी अजून वापरात आहे. प्लांटवर हा शब्द जड वाटला तर सरळ 'नकळत' म्हणा.

खरी गंमत 'बायस'मध्ये आहे. आकस आणि अढी बाद, कारण त्या माणूस जाणूनबुजून धरतो (आंब्याची अढी वेगळी!). 'झुकतं माप' फक्त मर्जीतल्याला मिळतं, नावडत्याचं काय? उरले पूर्वग्रह आणि पक्षपात. यांची क्रियापदं बघा. पूर्वग्रह मनात असतो, आपण तो बाळगतो, कुणाबद्दल करून घेतो. पक्षपात मात्र आपण करतो, आणि तो दुसऱ्याला भोगावा लागतो. (जाता जाता: हिंदीत 'पूर्वाग्रह', मराठीत 'पूर्वग्रह'. स्लाइडवर काना घुसू देऊ नका.)

इंग्रजीत दोन्हींना एकच 'बायस', आणि या ट्रेनिंगचं घोडं नेमकं तिथेच अडलंय. १९९८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक चाचणी मांडली: शब्द आणि नावं पटापट गटांत टाकायची, कुठल्या जोडीला वेळ जास्त लागतो त्यावरून मनातला कल मोजायचा. पुढे त्यावर ट्रेनिंगचा धंदा उभा राहिला. २०१८च्या मे महिन्यात स्टारबक्सने अमेरिकेतली सुमारे ८,००० दुकानं एका दुपारी बंद ठेवून कर्मचाऱ्यांना असले धडे दिले. पण २०१९ साली ४९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. चाचणीतला कल थोडाफार हलवता येतो, पण तो हलला म्हणून वागणूक बदलल्याचं दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. त्याच वर्षी एका बहुराष्ट्रीय कंपनीतल्या ३,०००हून अधिक कर्मचाऱ्यांना तासाभराचं ऑनलाइन ट्रेनिंग देऊन पाहिलं. काहींची मतं जराशी बदलली, वागणं जवळपास होतं तसंच. ब्रिटिश सरकारने तर डिसेंबर २०२०मध्ये आपल्या नोकरशाहीतली ही ट्रेनिंगं गुंडाळायचं जाहीर केलं.

मराठीत सांगायचं तर ट्रेनिंग पूर्वग्रहाला जेमतेम हात लावतं, आणि कंपनीला थांबवायचा असतो पक्षपात.

तो कसा होतो हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. मुलाखतीला आलेला मुलगा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव सांगून थांबतो. टेबलापलीकडून अगदी प्रेमाने विचारणा होते, "आणि आडनाव?" मग "मूळ गाव कुठलं?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. अर्जावरचं आडनाव झाकणं, सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणं, गुण तिथल्या तिथे लिहून ठेवणं, याला मनं बदलावी लागत नाहीत. स्लाइडपेक्षा मुलाखतीचा फॉर्म आधी दुरुस्त करा, असं मी तुमच्या साहेबांना सांगेन. पण प्रश्न शब्दाचा होता.

तर ताई, शीर्षकात 'पक्षपात' नको. तो आरोपाचा शब्द आहे. सुपरवायझर पहिल्याच स्लाइडला हाताची घडी घालून बसतील. 'नेणिवेतले पूर्वग्रह: एक ओळख' एवढं पुरे. 'प्रशिक्षण' मी मुद्दामच गाळलंय. प्रशिक्षण म्हटलं की काहीतरी करता येऊ लागलं पाहिजे, वेल्डिंगचं असतं तसं. 'पक्षपात' हा शब्द मुलाखतीच्या नियमावलीत घाला: 'निवडीत पक्षपात होऊ नये म्हणून…' आणि पुढे नियम. ऐरोलीच्या आयटी ऑफिसात हेच सत्र असेल तर 'बायस' देवनागरीत तसाच ठेवा, तिथे तो कधीच मराठी झालाय.