नेट बंद पडलं तर तो मला शोधत येईल का?

ओळख लपवण्यासाठी तपशील बदललेत. माझ्याकडं समुपदेशनाला आलेली मुलगी सांगलीची, सत्तावीस वर्षांची. लग्न ठरलेलं, नवरामुलगा पुण्यात नोकरीला. रात्री सौर वादळाचे, म्हणजे सूर्यावरच्या उद्रेकानं पृथ्वीवरची वीज-नेट बंद पडेल असे, व्हिडिओ बघत बसायची, कपाटात मेणबत्त्या आणि काडेपेट्या साठवत होती. "मॅडम, लाईट, नेट, बँका सगळं एकदम बंद पडलं, तर तो मला शोधत येईल का?"

"असं काही होत नाही," असं मी आधी सांगून बसले. चूकच माझी. १९८९ च्या मार्चमध्ये सौर वादळानं कॅनडातल्या क्युबेकची वीज नऊ तास घालवली, हे तिला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. खोट्या धीरानं भीती आणखी चिवट होते.

मग विचारलं, "त्याचा नंबर पाठ आहे?" नव्हता. त्यालाही हिचा नव्हता.

२०१९ च्या पुराचा विषय निघाला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. धोक्याची पातळी ४५. घरात लाईट नाही, फोन मेलेले, वडील कामासाठी मिरजेत अडकलेले. तिसऱ्या दिवशी ते भेटले, ते विश्रामबागला मावशीकडं.

"शोधत आले?"

"नाही, ठरलेलंच होतं. २००५ च्या पुरानंतर आईनं सांगून ठेवलेलं, पाणी चढलं की मावशीकडं जायचं."

स्वतःचंच वाक्य ऐकून ती थांबली. तिला शोधत येणारा हवा होता. घरात मात्र आधी ठरवून ठेवणारी माणसं होती.

व्हिडिओ रात्रीऐवजी संध्याकाळी, तेही वीसच मिनिटं, एवढं तिनं कबूल केलं. मेणबत्त्या राहू दिल्या. सांगलीत त्या लागतातच. पुढच्या वेळी दोघांना बोलावलं, फोन बाहेर ठेवायला लावले आणि म्हटलं, भेटायची जागा ठरवा.

पाच मिनिटांत भांडण! तो म्हणे पुण्याला ये, ही म्हणे तू सांगलीला ये. आवाज चढल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. लग्नानंतर राहायचं कुठं, हे सहा महिन्यांच्या व्हिडिओ कॉलवर दोघांनीही टाळलं होतं. जग बुडायची भीती धरणं तिला सोपं गेलं. "मला सांगली सोडायची नाही" हे म्हणणं अवघड.

घराचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. जागा मात्र ठरली, कराडचा प्रीतिसंगम. कृष्णा-कोयना तिथं मिळतात. हिला सत्तरेक किलोमीटर, त्याला दुपटीहून जास्त. तो हिशेब करून म्हणाला, "चालत पाच-सहा दिवस लागतील. थांबशील ना?"

"थांबेन. पण पावसाळा असला तर? घाटावर पाणी येतं."

"मग एसटी स्टँडावर."

तिनं वही मागितली आणि दोन्ही जागा लिहून घेतल्या. खाली त्याचा नंबर लिहायला लागली, तेव्हा शेवटचे चार आकडे त्यालाच आठवेनात.