जळगावच्या उन्हात भिंत छापताना

भाऊ, काँक्रीटच्या थ्रीडी प्रिंटरचं सॉफ्टवेअर जमून जाईल. खरी परीक्षा मालाची. गिरणेची वाळू 2 मिमीच्या चाळणीतून गाळल्याशिवाय पंपात घालू नका, एवढासा खडाही नोझल, म्हणजे माल सोडणारं तोंड, अडवतो. थर 10 ते 20 मिमीचा ठेवा. मे महिन्यात पारा 45 वर गेला की खालचा थर लगेच कोरडा पडतो, वरचा त्याला धरत नाही, आणि पावसाळ्यात त्याच सांध्यातून पाणी झिरपतं. म्हणून पहाटे छापा, पाण्यात बर्फ टाका, भिंत घट्ट झाली की निदान दहा दिवस ओलं गोणपाट. बंगळुरूचं छापील पोस्ट ऑफिस 2023 मध्ये 43 दिवसांत उभं राहिलं खरं, पण सळई बांधायला मिस्त्री लागतोच. आणि पंप थांबला की होज, म्हणजे मालाची नळी, तिथल्या तिथे धुवा, आत दगड होतो.