घर पाडायच्या आधी ब्रास मोजा

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही इंदिरानगरला राहतो. सासऱ्यांनी बांधलेलं 800 स्क्वेअर फुटांचं लोडबेअरिंग (भिंतींवरच भार असलेलं) घर पाडून तिथंच नवीन बांधायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दोन दिवसात जेसीबीनं प्लॉट मोकळा करून देतो, मटेरियल उचलायचं मी बघतो. पण मागच्या वर्षी आमच्या गल्लीत असंच एक घर पाडलं, ढीग पावसाळाभर रस्त्यावरच होता, आणि नंतर ऐकलं की रात्रीतून काही ट्रॉल्या नासर्डी नदीच्या काठाला ओतल्या. आमच्या हातून तसं व्हायला नको. घंटागाडी घेते का हे? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, घंटागाडी घरातल्या कचऱ्यासाठी आहे, राडारोड्यासाठी नाही. तुम्ही पाडायच्या आधी विचारताय हे फार बरं केलंत, कारण एकदा जेसीबी फिरला की विटा, माती, लाकूड, पीओपी सगळं एकजीव होतं आणि मग ते कुणालाच नको असतं.

आधी हिशोब करा. सगळ्या भिंतींची लांबी मिळून 150 फूट धरा, उंची 10 फूट, जाडी 9 इंच, म्हणजे झाले साधारण 11 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). स्लॅबचे तीनेक. प्लास्टर, फरशी, कोबा धरून 15-16 ब्रास. पण हे उभ्या घराचं माप आहे, फोडलं की मधे पोकळ्या होतात आणि तेच दीडपट जागा खातं, म्हणजे 23-24 ब्रास, आणि ट्रॉलीत एक ब्रास बसतो तर तेवढ्याच खेपा. कॉन्ट्रॅक्टरनं दहा-बारा खेपा धरल्या असतील तर बाकीचं कुठं जाणार हे तिथंच विचारा.

दुसरं, उचलायचे पैसे ठोक देऊ नका. माझ्या मते नासर्डीच्या काठाला जे जातं ते यामुळंच जातं. ठोक ठरलं की ट्रॅक्टरवाल्याचा फायदा जवळात जवळ ओतण्यात असतो, आणि जवळ काय असतं तर नाला. खेपेमागे पैसे ठरवा, ओतायची जागा महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात विचारून करारात लिहा, प्रत्येक खेपेची चिठ्ठी आणि खाली केल्याचा फोटो आला की मगच पैसे. नाल्याची कड अशा भरावानं आवळत गेली की पावसाळ्यात पाणी आपल्याच लोकांच्या घरात शिरतं, म्हणून एवढं सांगतोय.

आता पाडायचा क्रम. दारं-खिडक्या, ग्रिल, वायरिंग, नळ पहिल्यांदा, त्याला भंगारवाला पैसे देऊन जातो, आणि चौकटी सागाच्या असतील तर भंगारात घालवू नका. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते फोडायचे नाहीत, पाणी मारून नट काढून अख्खे उतरवायचे आणि वेगळे ठेवायचे. मग पीओपी, मग स्लॅब, सळई वेगळी, आणि विटा वरून खाली मजुरांकडून. चुन्यातल्या विटा अख्ख्या निघतात, सिमेंटातल्या बऱ्याच फुटतात. जेसीबी शेवटी. दोन दिवसांचे सात-आठ दिवस होतील, होऊ द्या.

विटांचे तुकडे आणि काँक्रीट नवीन प्लिंथच्या (जोत्याच्या) भरावात चालतं, म्हणजे तितक्या खेपा वाचल्याच. मात्र 6-6 इंचांचे थर, पाणी मारून नीट धुम्मस करून (ठोकून दाबून), आणि त्यात लाकडाचा एक तुकडाही नको, वाळवी तिथूनच चढते. पायाची काळी माती भरावाला अजिबात घेऊ नका, ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, फरशी उचलली जाते. ती शेतकऱ्याला द्या, आनंदानं नेतात.

ढीग प्लॉटच्या आतच ठेवा, वर ताडपत्री. 2016 च्या केंद्राच्या राडारोड्याच्या नियमांतही रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायला मनाई होती आणि रोज 20 टनांच्या वर निघत असेल तर आधी राडारोड्याच्या व्यवस्थेचा प्लॅन मंजूर करून घ्यायचा होता. तुमचं घर अंदाजे 80 टन, म्हणजे दोन दिवसात पाडलं तर तुम्हीसुद्धा त्यात बसला असता! 1 एप्रिल 2026 पासून 2025 चे नवे नियम आहेत, त्यातला मुख्य भार 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर आहे, पण कार्यालयात एकदा विचाराच.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ साइटवर इंजिनिअर आहे. जुनं काँक्रीट क्रश करून आरसीसीत (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) खडी म्हणून वापरलं तर चालतं का?

उत्तर : चालतं, पण मर्यादेत. खडी-वाळूसाठीचं भारतीय मानक आयएस 383, त्याच्या 2016 च्या आवृत्तीप्रमाणं आरसीसीत 20 टक्क्यांपर्यंत आणि तेही एम 25 (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड) पर्यंतच, साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, एम 15 च्या खालच्या लीन काँक्रीटमध्ये पूर्ण 100 टक्के. ही खडी फक्त काँक्रीटची हवी, विटांचा चुरा आला तर ती आरसीसीत नाही. जुना मॉर्टर चिकटलेला असल्यानं ती पाणी जास्त पिते, म्हणून आदल्या दिवशी भिजवून ठेवा आणि क्यूब टेस्ट (ठोकळा दाबून ताकद तपासणं) केल्याशिवाय कॉलमला हात लावू नका.